डांबरी रस्त्याचे दुखणे

मृगाच्या चार सरी पडल्या, की गावातल्या नव्या रस्त्याची परीक्षा सुरू होते आणि गणपती येईपर्यंत तिचा निकालही लागतो. चैत्रात जो रस्ता काळाभोर आणि सपाट होता, त्यावर भाद्रपदात जागोजाग डबकी साचलेली दिसतात. मग चौकात, कचेरीत, केशकर्तनालयात एकच वाक्य ऐकू येते : डांबर कमी घातले. कंत्राटदाराने खाल्ले, साहेबाने डोळेझाक केली, एवढ्यावर खटला निकालात निघतो. खाण्याचा भाग सर्वस्वी खोटा आहे, असे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे राहिलेलो नाही. परंतु रोगाचे निदान मात्र बहुधा चुकलेले असते, आणि निदान चुकले म्हणजे औषधही चुकते. दरवर्षी खड्ड्यात खडी-डांबर ओतावयाचे आणि पुढच्या सरीला तीच खडी रस्ताभर पसरलेली पाहावयाची, हा जो आपला वार्षिक कुळाचार होऊन बसला आहे, त्याचे मूळ या चुकलेल्या निदानात आहे.

रस्ता का फुटतो, या प्रश्नाचे उत्तर माणसाला एकदम सापडलेले नाही. ते सापडावयास सुमारे दोनशे वर्षे लागली. त्या शोधाचा इतिहास सांगावा आणि तो सांगता सांगता आपल्या दारापुढच्या रस्त्यावरील भेगा, चाकोऱ्या आणि खड्डे कसे वाचावेत हेही पाहावे, असा आमचा आजचा बेत आहे.

प्रथम डांबर या शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. आपण ज्याला सरसकट डांबर म्हणतो, त्या वस्तुतः दोन वस्तू आहेत. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून त्याचा वायू किंवा कोक काढताना जो काळा, चिकट पदार्थ मिळतो तो एक. खनिज तेल शुद्ध करताना तळाशी राहतो तो दुसरा. त्याला बिटुमेन म्हणतात. हा दुसरा पदार्थ काही ठिकाणी जमिनीतून आपोआपही वर येतो. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर त्याचा एक तलावच आहे. आज आपल्या रस्त्यांवर पडते ते बहुतेक सारे हे दुसरे, तेलाचे डांबर होय.

या डांबराशी आपल्या उपखंडाची ओळख फार जुनी आहे. मोहेंजोदडो येथील प्रसिद्ध स्नानकुंड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्या विटांच्या बांधकामात नैसर्गिक डांबराचा एक थर दिलेला आढळला आहे. तो थर भार पेलण्यासाठी दिलेला नव्हता; कुंडातले पाणी झिरपून जाऊ नये म्हणून दिलेला होता. पाणी अडविणे हे डांबराचे अंगभूत काम. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी; पुढच्या साऱ्या कथेची किल्ली तीत आहे.

आता डांबर लागण्याआधीच्या रस्त्याकडे वळू. फ्रान्समध्ये त्रेसाग्वे नावाच्या स्थापत्यविशारदाने १७७५ साली आपली रस्ते बांधण्याची पद्धत लिहून मांडली. खालची जमीनही मध्ये उंच व दोन्ही बाजूंस उतरती करावी, म्हणजे मुरलेले पाणी वाट काढून जाईल, हे त्यातले मर्म. पुढे इंग्लंडात टेल्फर्ड याने मोठाले दगड हाताने लावून भक्कम पाया घालण्याची रीत पाडली. आपल्याकडील दगडी सोलिंगाचे हे गोत्रज. त्याच सुमारास जॉन मॅकॅडम नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ पुढे आला. १८१६ साली तो ब्रिस्टल भागातील टोलरस्त्यांचा मुख्य पर्यवेक्षक झाला आणि त्याने एक विलक्षण वाटणारा सिद्धांत मांडला. गाड्यांचा भार दगड पेलीत नाहीत, शेवटी तो खालची माती पेलते. माती कोरडी राहिली तर हवा तेवढा भार पेलील. ओली झाली तर तुमचे मोठाले दगड तिच्यात रुतून बसतील. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच करा, कडेला चर खणा, आणि वर सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून जड नसलेल्या फोडलेल्या खडीचा दहा इंची थर द्या. कोनाकोपऱ्यांची ही खडी एकमेकींत गुंतून घट्ट बसते आणि मातीवर छप्पर धरते.

मॅकॅडम विद्वान नव्हता. त्याच्या काळी मातीचे शास्त्र जन्मालाही आलेले नव्हते. शेकडो मैल रस्ते पायाखाली घालून त्याने हे ताडले होते. त्याचे नाव आपल्या बांधकाम खात्याच्या कागदांत अजून रोज लिहिले जाते. त्याची खडी आम्ही घेतली, नावही घेतले. कोरड्या मातीविषयीचा त्याचा आग्रह मात्र वाटेत कोठेतरी गळाला.

मॅकॅडमच्या पद्धतीचा रस्ता घोडागाडीच्या युगात उत्तम चालला, याला एक गमतीचे कारण होते. चाकाच्या लोखंडी धावेखाली खडीचा थोडा थोडा कच होई, तो सांध्यांत बसे, पावसाने ओला होई आणि खडी बांधून ठेवी. रस्ता झिजत असे, पण झिजता झिजता स्वतःला सावरतही असे. १९०० च्या सुमारास मोटार आली आणि हा संसार मोडला. मोटारीचे रबरी चाक दगड दळीत नाही. मात्र वेगाने जाताना ते सांध्यांतला कच उपटून मागे हवेत फेकते. कच गेला की खडी मोकळी होते. युरोपातील शंभर वर्षे टिकलेले रस्ते काही थोड्या वर्षांत उखडू लागले आणि धुळीने लोक हैराण झाले. गुलिएल्मिनेत्ती नावाच्या एका स्विस वैद्याने १९०२ साली मोनॅको येथे रस्त्यावर कोळशाचे गरम डांबर ओतून ही धूळ दाबली. लोकांनी त्याचे नावच डांबर-डॉक्टर असे ठेवले. इंग्लंडात एडगर हूली या अधिकाऱ्याला एका लोखंडाच्या कारखान्याजवळ रस्त्यावर सांडलेले डांबर आणि त्यावर टाकलेली भट्टीची मळी यांचा धूळरहित पट्टा दिसला, अशी कथा सांगतात. त्याने १९०२ साली टारमॅकचे पेटंट घेतले. १९०८ साली पॅरिसला रस्त्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यापुढे मोटार आणि रस्ता यांचे भांडण कसे मिटवावे हाच मुख्य प्रश्न होता.

अमेरिकेतील शहरांनी ही वाट थोडी आधीच धरली होती. १८७० साली न्यूअर्क शहरात द स्मेट या बेल्जियन रसायनज्ञाने डांबर-वाळूच्या मिश्रणाचा रस्ता केला. १८७६ साली वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर त्रिनिदादचे डांबर पडले.

या इतिहासातले मर्म असे, की मोटारीच्या युगात रस्त्यावर डांबर आले ते धुळीवरचे औषध म्हणून. त्याने खडी बांधली गेली, धूळ बसली, पाणी अडले. रस्ता दिसावयास एवढा सुरेख झाला, की ही काळी कातडी म्हणजेच रस्ता, अशी सर्वांची समजूत झाली. ती आजही कायम आहे.

आपल्याकडे हा प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर तीव्र झाला. येथे तर दुहेरी अडचण होती. त्याच रस्त्यावरून लोखंडी धावेच्या बैलगाड्या जात आणि त्याच रस्त्यावरून मोटारी. एकीने खडी दळावी, दुसरीने धूळ उडवावी. १९२७ साली सरकारने रस्त्यांच्या विचारासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने १९२८ साली अहवाल दिला आणि रस्त्यांचा खर्च प्रांतांना व स्थानिक संस्थांना झेपण्यापलीकडे गेला असल्याचे स्पष्ट सांगितले. त्यातून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसला आणि १९२९ साली केंद्रीय रस्ता निधी निर्माण झाला. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. १९४३ साली साऱ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि देशाच्या रस्त्यांची पहिली मोठी योजना तयार झाली. तिला नागपूर योजना असेच नाव पडले. १९५२ साली दिल्लीस मध्यवर्ती रस्ता संशोधन संस्था सुरू झाली. म्हणजे रस्ता हा शास्त्राचा विषय आहे, ही जाणीव आपल्याकडे कालपरवाची नाही.

इकडे हे घडत असताना तिकडे कॅलिफोर्नियात एक साधे पण थोर काम झाले. १९२८-२९ साली तेथील रस्ते खात्यातील पोर्टर या अभियंत्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी नवे रस्ते बांधण्याचे सोडून फुटलेले रस्ते तपासावयास घेतले. रस्ते का फुटले? त्यांच्या पाहणीत जी कारणे ठळकपणे पुढे आली ती अशी : पाणी पिऊन मऊ झालेली खालची माती बाजूला सरकली, खालचे थर कमीजास्त खचले, किंवा माती भाराखाली फार लवली. तिन्ही कारणे डांबराखालची होती.

या पाहणीतून मातीची एक परीक्षा निघाली. मातीचा नमुना साच्यात ठोकून बसवावयाचा, त्यात सुमारे दोन इंच व्यासाचा पोलादी दांडा दाबावयाचा, आणि उत्तम फोडलेल्या खडीच्या मानाने माती किती टक्के दाद देते ते पाहावयाचे. परंतु दांडा दाबण्यापूर्वी तो नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवावयाचा. या चार दिवसांत मॅकॅडमची सारी शिकवण आली. रस्त्याखालची माती कधी ना कधी भिजणारच, तेव्हा भिजल्यावर ती काय करील हे बांधण्यापूर्वीच विचारून घ्यावे. त्या टक्केवारीवरून वर किती जाडीचे थर लागतील ते ठरते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने धावपट्ट्यांसाठी ही परीक्षा उचलली आणि ती जगभर गेली. आपल्याकडील आराखडे आजही तिच्याच आधाराने होतात.

तथापि माती न खचताही काही रस्त्यांना भेगा पडत. त्या भेगा विशिष्ट आकाराच्या असत : चाकाच्या वाटेवर प्रथम एकदोन बारीक उभ्या रेषा, मग त्यांना जोडणाऱ्या आडव्या रेषा, आणि शेवटी मगरीच्या पाठीवरील खवल्यांसारखे छोटे छोटे तुकडे. कॅलिफोर्नियातीलच फ्रान्सिस व्हीम या अभियंत्याने १९५५ साली त्याचा उलगडा मांडला. चाक जाते तेव्हा रस्ता केसभर लवतो आणि पुन्हा वर येतो. तार एकदा वाकवली तर मोडत नाही. तीच जागा पुन्हा पुन्हा वाकवली तर मोडते. डांबराच्या थराचेही तेच होते. आधार जेवढा मऊ, तेवढे लवणे अधिक आणि तेवढी मोडण्याची घटका जवळ. हे लवणे रस्त्यावर जाऊन मोजण्यासाठी बेंकेलमन याने १९५३ च्या सुमारास एक लांब तुळईसारखे साधे उपकरण बनविले. त्याचा उपयोग आपल्या देशातही झाला. म्हणून मगरीची पाठ दिसली, की तो डांबराचा दोष समजून वरून नवा थर चढवू नये. खालचा आधार गेल्याचे ते लक्षण आहे. नव्या थरालाही तीच नक्षी उमटणार.

भाराचा हिशोब यानंतर लागला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ केवळ मोडण्यासाठी रस्ते बांधण्यात आले. ऑक्टोबर १९५८ पासून नोव्हेंबर १९६० पर्यंत सैनिकांनी त्यांवरून वजन भरलेले ट्रक अखंड फिरविले. प्रत्येक फेऱ्यावरून आसांच्या ११ लाख १४ हजार खेपा झाल्या आणि या उद्योगाला २ कोटी ७० लाख डॉलर लागले. निष्कर्ष थक्क करणारा होता. आसावरचे वजन दुप्पट केले तर रस्त्याची हानी दुप्पट न होता सुमारे सोळापट होते. गणितात याला चौथ्या घाताचा नियम म्हणतात. तो ठोकताळाच आहे, परंतु दिशा अचूक दाखवितो. आराखड्यासाठी प्रमाण मानलेला ट्रकचा आस ८.१६ टनांचा असतो, लहान मोटारीचा अर्ध्या टनाच्या आसपास. या नियमाने पाहता अशा एका ट्रकच्या आसाने जेवढी झीज होते तेवढी करावयास मोटारीचा आस सुमारे ७० हजार वेळा जावा लागेल. आपल्याकडे २०१८ साली चार चाकांच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ दिसावयास आठवा हिस्सा. चौथ्या घाताने मोजली तर हानी सुमारे साठ टक्क्यांनी अधिक. कायद्याची मर्यादाच एवढे करते, मग ती ओलांडून वाळू आणि ऊस वाहणाऱ्या गाड्यांचे काय सांगावे?

ओटावाच्या या प्रयोगातली आणखी दोन निरीक्षणे आमच्या विषयाला फार जवळची आहेत. डांबरी रस्त्यांचे बहुतेक तुकडे वसंत ऋतूत मोडले. तिकडील वसंत म्हणजे आपला आंब्याच्या मोहोराचा वसंत नव्हे. हिवाळ्यात गोठलेली जमीन तेव्हा वितळते आणि रस्त्याखालची माती चिखल होते. ट्रक तेच, वजन तेच, डांबरही तेच. ओल आली आणि रस्ता गेला. आपला पावसाळा हा रस्त्याच्या दृष्टीने त्यांचा वसंत होय.

दुसरे निरीक्षण तुमच्याआमच्यासंबंधी आहे. रस्ता चांगला की वाईट हे ठरविण्यासाठी प्रयोगकर्त्यांनी निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांचे एक मंडळ रस्त्यांवरून फिरविले आणि त्यांस शून्य ते पाच गुण देण्यास सांगितले. ते गुण आणि प्रत्यक्ष मोजमापे ताडून पाहता असे दिसले, की लोकांचे मत जवळजवळ सर्वस्वी गचक्यांवर ठरते. भेगांचा त्यावर परिणाम फार थोडा. याचा अर्थ असा, की रस्ता आजारी पडलेला प्रवाशाला कळत नाही. तो मरावयास टेकला म्हणजे कळतो. भेग पडते तेव्हा ती स्वस्तात बुजविता येते, पण तेव्हा कोणी तक्रार करीत नाही. तक्रार येते ती खड्ड्याची, आणि तोवर औषधाची वेळ गेलेली असते.

येथवर खालून वर येणारी दुखणी सांगितली. वरच्या थरात जन्मणारी दुखणीही आहेत, आणि न्यायाने त्यांचीही हजेरी घेतली पाहिजे. उन्हाळ्यात काही रस्ते आरशासारखे चकाकतात, पायताण चिकटते. याला डांबर वर येणे म्हणतात. त्याचे कारण कमी डांबर हे नसून जास्त डांबर हे आहे. खडीच्या फटींत मावेल त्याहून अधिक घातले, की उन्हाने आणि चाकांनी ते वर ढकलले जाते आणि पहिल्या पावसात रस्ता निसरडा होतो. उलट खडीचे दाणे सुटून रस्ता खरबरीत होत जातो तेव्हा डांबर कमी पडले असेल, किंवा मिश्रण तापविताना करपले असेल, किंवा थंड झाल्यावर रोलर फिरविला असेल. डांबर कमी घातले हा आपला लोकप्रिय आरोप लागू पडतो तो मुख्यतः या एका दुखण्याला, आणि तेथेही तो तीन संशयितांपैकी एक आहे.

चाकोरी हा शब्द आपण माणसांच्या रीतीला लावतो, पण तिचे माहेर रस्त्यावर आहे. डांबरी रस्त्यावरही चाकोरी पडते. ती रुंद आणि उथळ असेल तर खालचे थर दबले असे समजावे. ती अरुंद असून दोन्ही कडांना उंचवटे आले असतील तर वरचे मिश्रणच उन्हात मऊ होऊन बाजूला सरकले आहे. बसथांब्याशी आणि दिव्यांच्या चौकात, जेथे जड गाड्या थांबतात आणि ब्रेक मारतात, तेथे रस्त्याला लाटा येतात त्याही याच कारणाने. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. पूर्वी आपण डांबराची प्रत ठरवीत असू ती २५ अंशांवर सुई किती रुतते यावरून. २००६ साली मानक बदलले आणि ६० अंशांवर डांबर किती घट्ट राहते यावरून प्रत ठरू लागली. आपल्या उन्हाची दखल आपल्याच मानकाने घ्यावयास एवढा काळ लागला.

चंद्रकोरीसारख्या भेगा दिसल्या तर नवा थर जुन्याला चिकटलेला नाही. मध्ये धूळ राहिली किंवा चिकट डांबराचा हात फिरविण्यात कुचराई झाली. मोठमोठ्या चौकोनांच्या भेगा म्हणजे डांबराचे म्हातारपण : ऊन आणि हवा यांनी ते वर्षानुवर्षे सुकत, कडक होत जाते. कडा मोडतात त्या बाजूची साइडपट्टी खचल्याने. रस्त्याच्या कडेला आधार उरत नाही, चाक खाली उतरते आणि वर चढताना कड तोडते. सरळ आडव्या पट्टीत रस्ता खचला असेल तर तेथे कोणी नळासाठी किंवा तारेसाठी चर खणून माती नीट न ठोकता बुजविली आहे. शेवटचे हे दुखणे शहरांत सर्वांत अधिक, आणि ते आपल्याच घरच्या नळासाठी ओढवून घेतलेले असते.

आता खड्ड्याकडे येऊ. खड्डा हा स्वतंत्र रोग नाही. वर सांगितलेल्या बहुतेक रोगांचा तो शेवट आहे, आणि तेथपर्यंत पोहोचविणारा वाटाड्या एकच : पाणी. भेगेतून पाणी आत शिरते. चाक वरून गेले की ते दाबाखाली सापडते आणि पिचकारीसारखे उसळते; येताना खालच्या थरातील बारीक माती घेऊन येते. भेगांच्या कडेला मातकट डाग दिसतात ते या चोरीचे. दुसरीकडे, दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक असते. ओल टिकून राहिली की पाणी दगड आणि डांबर यांच्यामध्ये शिरते आणि डांबराचा वेढा सोडविते. खालून आधार गेला, वरून बंध सुटला. मगरीच्या पाठीतला एक खवला निघतो आणि खड्डा जन्मतो. त्यात पाणी साचते, चाक आदळते, कड तुटते, आणि आठवड्यात त्याचे तळे होते. त्या पाण्यातच खडी-डांबर ओतून फावड्याने थोपटले, तर दोन दिवसांत ते बाहेर येईल यात नवल ते काय? नीट ठिगळ लावावयाचे तर पक्का भाग लागेपर्यंत कडा सरळ उभ्या कापाव्या लागतात, खड्डा कोरडा व स्वच्छ करावा लागतो, डांबराचा हात देऊन थराथराने भरून दाबावा लागतो. आणि पाणी शेजारच्या फुटक्या नळातून येत असेल, तर आधी नळ.

महाराष्ट्राच्या पठारावर या सर्वांत एका गोष्टीची भर पडते : काळी माती. कपाशीला जी वरदान, तीच रस्त्याला शाप. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर नुसते डांबर घट्ट करून भागत नाही. चुना मिसळून ती शांत करणे, किंवा तिच्यावर चांगल्या मुरुमाचा पुरेसा थर देणे, आणि मुख्यतः तिची ओल वर्षभर सारखी राखणे, हे उपाय आहेत. हे सारे उपाय झाकले जाणारे असतात. उद्घाटनाच्या दिवशी त्यांतला एकही दिसत नाही. म्हणून चोरी करावयाचीच झाली तर ती डांबराची करण्याची गरजही नसते. मुरुमाची जाडी, रोलरच्या फेऱ्या आणि गटाराचा उतार यांत ती अधिक निर्धास्तपणे करता येते. डांबर कमी घातले असे ओरडणारे आपण त्या चोराला नकळत पाठीशी घालतो.

हे आपल्या हवेत साधत नाही, असे मात्र नव्हे. पुण्यातील जंगली महाराज रस्ता १९७६ साली दहा वर्षांच्या हमीवर तयार झाला आणि हमी संपल्यानंतरही कित्येक वर्षे खड्ड्यांवाचून राहिला, ही गोष्ट पुणेकर अजून अभिमानाने सांगतात. तोच पाऊस, तेच ऊन. दहा वर्षे जबाबदार राहावयाचे ज्याने कबूल केले, त्याला उद्घाटनाच्या दिवसापलीकडे पाहणे भाग होते, एवढा बोध त्यातून आम्ही घेतो.

हा प्रश्न केवळ गचक्यांचा किंवा करदात्याच्या पैशाचा राहिलेला नाही. २०२२ या एका वर्षात देशात खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १,८०० हून अधिक माणसे दगावल्याची सरकारी नोंद आहे. पाण्याने भरलेला खड्डा दुचाकीवाल्याला दिसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली सुस्थितीतील रस्ता हा नागरिकाच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरविला. हक्क मिळाला, आता तो मागावयाचा कसा, हे शिकले पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. रस्ता नवा होत असताना वरचे डांबर किती इंच, हे विचारण्याआधी खालची माती कोणती आणि पाणी कोठे जाणार, हे विचारावे. पावसाच्या पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन पंधरा मिनिटे आपल्या रस्त्याच्या कडेला उभे राहावे. पाणी गटारात जाते की गटार रस्त्याहून उंच आहे, जाळीवर कचरा साचला आहे की काय, कोणत्या भागात पाणी थांबते, हे पाहून लिहून ठेवावे. पुढचा खड्डा बहुधा तेथेच पडेल. आणि तक्रार करावयाची ती भाद्रपदात खड्ड्याची न करता वैशाखात भेगेची करावी. तेव्हा ती बुजविण्यास ऊनही असते, वेळही असतो आणि खर्चही थोडा लागतो.

आज वसंतातली संध्याकाळ आहे. रस्ते कोरडे आहेत, आणि भेगा बुजविण्याचे हेच दिवस आहेत. श्रोत्यांनी येथून घरी जाताना एकवार खाली पाहून चालावे, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.